डाव्या बाजूची तार

"बाजूला हो जरा. उजेड अडवतंस," बा म्हणाला.

मी बाजूला झाले. निवड स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. सकाळचे साडेसात वाजले होते आणि आमची 'टिटवी' क्लबच्या उतारावर तिच्या गाड्यावर उभी होती. बाने डाव्या बाजूची तार अंगठा आणि दोन बोटांत धरली, कान डोलकाठीला टेकवला आणि तार छेडली. मग उजवीकडे जाऊन तिथली छेडली. परत डावीकडे आला, खाली वाकला, पट्टीतली पिन अंगठ्याने दाबून बघितली आणि तिच्यावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळायला लागला.

त्या लहान शर्यतीच्या बोटीत डोलकाठी नुसती उभी केलेली असते. तिला धरून ठेवतात त्या तारा. एक पुढे, एकेक दोन्ही बाजूंना. बाजूच्या तारेचं खालचं टोक बोटीच्या काठावरच्या एका पोलादी पट्टीत अडकवलेलं असतं. पट्टीला ओळीने भोकं असतात आणि हव्या त्या भोकातून पिन घालायची. जितकं खालचं भोक, तितकी तार ताणलेली. पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला एक लहानशी कडी. सगळा खेळ एवढाच, पण वारा वाढला की ह्याच खेळावर शर्यत जाते किंवा येते. बाकीच्या जोड्या ताण मोजायला गेज नावाचं एक यंत्र वापरायच्या. बाकडे गेज नव्हता आणि कधी लागलाही नव्हता. तेवीस वर्षं क्लबच्या सगळ्या बोटींच्या तारा माझ्या बानेच, हिराजी तांडेलनेच, लावल्या होत्या. घारपुरे सर, आमचे प्रशिक्षक, नौदलातून निवृत्त झालेले, कुणाचं सहसा कौतुक न करणारे. तेही म्हणायचे, हिराजीचा कान म्हणजे गेज.

ऋता आली तेव्हा बा पाठमोरा होता. ऋता सबनीस सुकाणू धरायची आणि मी तिची जोडीदार. वारा जोरात असला की बोटीबाहेर तारेला लटकून तोल सांभाळायचं काम माझं. तीन वर्षं आम्ही एकत्र होतो. आठ शर्यती झाल्या होत्या, दोन उरल्या होत्या, आणि आम्ही पहिल्या होतो. आशियाई स्पर्धेला एकच जोडी जाणार होती.

"काका, दुपारी वारा खूप वाढणार म्हणतात," ऋता म्हणाली. "एवढा ताण पुरेल?"

बा चिकटपट्टी गुंडाळत राहिला.

"काका?"

"झाला, झाला," बा मागे वळून हसत म्हणाला. "मघाशीच झाला चहा."

शेजारच्या बोटीवर दोन मुलं होती. ती एकमेकांकडे बघून हसली. ऋताला काय करावं कळेना.

"थट्टा करतोय तो," मी घाईने म्हणाले. "ताण बघितलाय त्याने. तू जा, नाश्ता करून घे, मी शीड चढवते."

बाला ऐकू येत नव्हतं. आधी डावा कान गेला, मग उजवाही जायला लागला. तेवीस वर्षं त्या पत्र्याच्या शेडमध्ये घासणीचं यंत्र चालवलं होतं त्याने, कानात बोळा न घालता. मला ते गणपतीत कळलं. घरात आरती चालली होती आणि बा एकटाच मागे राहून टाळ्या वाजवत होता, सगळे थांबल्यावरही. मी आयला विचारलं तेव्हा तिने आधी दार लोटून घेतलं. म्हणाली, "मना ठाव हाय. तू बोलू नको. त्याला वाटतं कुणाला कळलं नाय. आणि क्लबात कळलं तर त्याला ठेवतील का?"

तेव्हापासून मी क्लबमध्ये त्याच्या आसपास राहायला लागले. कुणी त्याला हाक मारली की मी ओ द्यायची. कुणी काही विचारलं की मी उत्तर द्यायची. घारपुरे सर एकदा म्हणालेसुद्धा, "हेमांगी, बाबांना बोलू दे की." मी हसले होते.

त्या सकाळी बा डिझेल भरायला सुरक्षा बोटीकडे गेला. स्पर्धेच्या दिवशी तो आणि संतान, क्लबचा दुसरा खलाशी, ती मोटरबोट घेऊन शर्यतीच्या मागे असायचे. उतारावर मी एकटीच उरले. मी पट्टीकडे बघितलं. उजवीकडे पिन चौथ्या भोकात होती. डावीकडे तिसऱ्या.

मी परत मोजली. चौथं आणि तिसरं. डोलकाठी दोन बोटं उजवीकडे कलली होती. एकदा नजरेला पडल्यावर मला दुसरं काही दिसेना. डावी बाजू, डावा कान.

घारपुरे सरांची पिशवी शेडच्या बाकावर होती आणि तिच्यात गेज होता. तो मी घेतला आणि तारेला लावला. सरांनी आम्हाला जोराच्या वाऱ्यासाठी जो आकडा पाठ करायला लावला होता त्याच्या बराच खाली काटा थांबला. मला वाटलं, संपलं. ह्याला आता तारही ऐकू येत नाही.

मी त्याला बोलवू शकले असते. तो शंभर पावलांवर होता. मला तो दिसत होता, गुडघ्यावर बसून कॅनमधून नळी घालत असलेला. पण त्याला बोलवायचं म्हणजे ओरडायचं, एकदा, दोनदा, तीनदा, सगळ्या उतारावरच्या लोकांदेखत. नाहीतर त्याच्याजवळ जायचं आणि म्हणायचं, बा, तुझं चुकलंय. आणि तो विचारणार, तुला काय माहीत?

मी पुढचा ताण सैल केला, डाव्या बाजूची चिकटपट्टी सोडली, कडी काढली, पिन ओढून घेतली आणि चौथ्या भोकात घातली. ती सरळ जाईना. मी पक्कडीच्या दांड्याने हलकेच ठोकली तेव्हा गेली, थोडी तिरकी. कडी पूर्ण फिरली नाही, अर्धीच अडकली. मी बाच्या डब्यातली पांढरी चिकटपट्टी घेतली आणि तिच्यावर चार वेढे दिले. पुढचा ताण पुन्हा चढवला. गेज लावला. काटा बरोबर आकड्यावर आला. डोलकाठी सरळ झाली.

गेज मी पिशवीत परत ठेवला. मला हलकं वाटत होतं. वाटलं, मी बाची लाज राखली.

त्या दिवशीच्या पहिल्या शर्यतीत आम्ही दुसऱ्या आलो. बोट छान पळाली. ऋता म्हणाली, "आज काय केलंय काकांनी? बाणासारखी चाललीय." मी शिडाची दोरी आवरायला लागले. दुसऱ्या शर्यतीआधी थोडा वेळ होता, आम्ही पाणी प्यायलो, खजूर खाल्ले. तेव्हा मी डावीकडची पट्टी बघायला हवी होती. ऋता समोर बसली होती, म्हणून मी बघितली नाही.

दीडच्या सुमाराला वारा वायव्येकडून चढला. बंदराचं पाणी हिरवट झालं आणि लाटांना पांढरे तुरे आले. नांगरलेल्या जहाजांच्या मधून आम्ही वाऱ्याच्या विरुद्ध वर निघालो. वारा उजवीकडून होता, म्हणजे सगळा भार उजव्या तारेवर, आणि डावी सैल पडून हलत होती. मी बाहेर लटकलेली. आमच्या पुढे फक्त एक बोट होती.

"फिरवते," ऋता ओरडली.

मी आत आले, शिडाखालून पलीकडे गेले, डावीकडची लटकायची तार हुकात अडकवली आणि बाहेर झेपावले. वाऱ्याने शीड भरलं. डाव्या तारेने भार घेतला.

आवाज फार मोठा नव्हता. काहीतरी टणकन उडालं एवढंच. मग डोलकाठी माझ्यापासून लांब जायला लागली. मला ते खूप सावकाश घडल्यासारखं आठवतं, पण क्षणभरातच घडलं असेल. माझी तार ताठ झाली, तिने मला हिसका देऊन बोटीच्या काठावर आपटलं, हूक सुटला आणि मी डावीकडे पाण्यात पडले.

वर आले तेव्हा बोट आडवी होत होती. शीड पलीकडच्या पाण्यावर अंथरल्यासारखं पसरलं होतं. ऋता कुठेच दिसेना. वारा जोरात असला की ती शिडाची दोरी हाताला एक वेढा देऊन धरायची. सर ओरडायचे तरी धरायची. त्या दोरीने तिला ओढून शिडाखाली नेलं होतं. कापडाला एका ठिकाणी आतून काहीतरी ढुशी देत होतं. एकदा, मग परत एकदा.

मोटरबोट आली. पुढच्या टोकावर बा उभा होता. मी हात वर करून ओरडले, "मी नाय! ऋता! शिडाखाली!"

बाने पाण्यात उडी घेतली आणि तो माझ्याकडे यायला लागला.

"बा, मी नाय! ऋता! तिकडं!"

त्याला मी दिसत होते. मी ओरडत होते. पोर बुडतेय एवढंच त्याला कळत होतं. मी हाताने दाखवलं, तो आणखी जोरात हात मारत आला. त्याने माझ्या जाकिटाची कॉलर धरली आणि मला ओढायला लागला. मी त्याच्या छातीवर मुठी मारल्या. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. ओठ बघितले असतील. तो वळला.

तोवर संतानने सुरी घेऊन पलीकडून उडी मारली होती. त्याने शीड फाडलं आणि ऋताला वर काढलं. तिचे ओठ काळेनिळे झाले होते. मोटरबोटीत घेतल्यावर तिने पाणी ओकलं आणि रडायला लागली, तेव्हा संतान म्हणाला, "रड बाय, रड. रडतेस म्हणजे जगलीस." तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि मनगट उलटं वळलं होतं.

धक्क्याकडे निघण्याआधी बाने आडव्या 'टिटवी'च्या काठावरची डावी पट्टी सोडवून हातात घेतली. पिन नव्हती. चौथ्या भोकाची कड चमकत होती, ताजी फाटलेली. कडेला चिकटपट्टीचा एक तुकडा लोंबत होता. त्याने त्या भोकावरून अंगठा फिरवला. मग तिसऱ्या भोकावरून फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. मी ऋताचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी तिच्याकडे बघायला लागले.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. टेबलापलीकडे सेक्रेटरी दस्तूर साहेब, घारपुरे सर आणि कमिटीचे आणखी दोघं. अलीकडे बा, संतान आणि मी. टेबलावर ती पट्टी होती. दस्तूर साहेबांना हळू बोलायची सवय होती. भला माणूस, कधी आवाज चढवायचा नाही.

संतानला विचारलं तेव्हा त्याने घडलं ते सांगितलं. "पोरगी गळा फाडून सांगत होती, मी नाय, ऋता. हिराजी तिच्याकडंच गेला." मग तो घाईने म्हणाला, "बाप हाय साहेब. बाप पोरीकडंच जाणार."

दस्तूर साहेब बाकडे वळले. समोरच्या कागदात बघत म्हणाले, "हिराजी, तिचा आवाज तुला ऐकू आला नाय, का ऐकू आला तरी तू पोरीकडे गेला?"

बा म्हणाला, "होय साहेब. पिन मीच लावली."

घारपुरे सरांनी चष्मा काढला. मग ते बाच्या पाठीमागे असलेल्या खिडकीपाशी गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हिराजी, इकडे बघ." बा समोर टेबलाकडेच बघत राहिला. "हिराजी." बाने गुडघ्यावरचे हात नीट केले.

सर परत येऊन खुर्चीवर बसले. आता ते बाच्या तोंडासमोर मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलले. "किती दिवसांपासून ऐकू येत नाही?"

"कमी येतं साहेब. दोन वरसं झाली."

"आणि ही पिन तू लावलीस? चौथ्या भोकात?"

बाने माझ्याकडे बघितलं नाही. "मीच लावली," तो म्हणाला. "दुसरं कोण लावणार?"

तिथे मी होते. माझ्यापासून तो हातभर अंतरावर होता. मी तोंड उघडू शकले असते. पण त्याच टेबलावर आणखी एक कागद होता. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीसाठी माझा अर्ज गेला होता आणि त्याला क्लबचं शिफारसपत्र हवं होतं. दस्तूर साहेबांनी ते तयार करून ठेवलं होतं, सही तेवढी राहिली होती. मला तो कागद दिसत होता. फक्त त्यामुळे मी गप्प बसले असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे बाने 'मीच' म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं. ते सुटल्यासारखं वाटणं मी अजून विसरलेले नाही.

बाला कामावरून कमी केलं. दस्तूर साहेबांनी तेही हळूच सांगितलं, म्हणून सरांना पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी ऋताला भेटायला हॉस्पिटलात गेले. तिचा हात प्लास्टरमध्ये होता. स्पर्धा गेली होती, आणि पुढचं वर्षही जाणार होतं. तिची आई पलंगाशी बसली होती, ती माझ्याशी बोलली नाही. ऋता मात्र बोलली. म्हणाली, "काकांना सांग, माझा त्यांच्यावर राग नाही. वयाने होतं असं. आईबाबा रागावलेत, पण मी नाही. नक्की सांगशील ना?"

"सांगते," मी म्हणाले.

तिथून निघून मी बसस्टॉपवर उभी राहिले. दोन बस सोडल्या. मग क्लबमध्ये गेले. घारपुरे सर शेडमध्ये होते. मी त्यांना सगळं सांगितलं. तिसरं भोक, चौथं भोक, त्यांच्या पिशवीतला गेज, तिरकी गेलेली पिन, अर्धी कडी. सर ऐकत राहिले. बा त्याचं सामान न्यायला आला होता, मागच्या खोलीत हत्यारं पेटीत भरत होता. सरांनी त्याला बोलावून आणलं आणि त्याच्या समोर उभं राहून मोठ्याने विचारलं, "हिराजी, हेमांगी म्हणते पिन तिने बदलली. खरं आहे?"

बाने माझ्याकडे बघितलं. मग हसला. असं हसू मी त्याच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. मालकाला खूश करायला माणूस हसतो तसं.

"साहेब, पोर बापाला वाचवाय बघते," तो म्हणाला. "चार दिस घरात जेवली नाय. तिचं मनावर घेऊ नका. तिला तारा कुठं लावता येतात? मी कधी हात लावू दिलाय कुणाला?"

"बा, खोटं नको बोलू."

"बघा," बा म्हणाला.

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे ओले झाले होते. "हेमांगी, तुझी भावना मला कळते," ते म्हणाले. "पण असं दुसऱ्याचं अंगावर घेऊ नये. तुझ्यापुढे सगळं आयुष्य आहे." शिफारसपत्रावर सही झाली होती. ते त्यांनी मला तिथेच दिलं. पाकिटात घातलेलं होतं.

त्या पत्रावर मला नोकरी मिळाली, आणि मी ती अजून करते आहे. शर्यतीच्या बोटीत मी पुन्हा बसले नाही. ऋताला मी खरं सांगितलं ते सहा वर्षांनी, तिच्या लग्नाआधी. ती म्हणाली, "आता हे तू मला का सांगितलंस?" बाने पुढे जाळी विणायचं काम घेतलं, घराच्या ओट्यावर बसून. कानाचं यंत्र मी माझ्या दुसऱ्या पगारात घेतलं. ते तो लग्नकार्यात लावायचा. तो गेला त्याला आता पाच वर्षं झाली. जाईपर्यंत कोळीवाड्यात लोक म्हणायचे, हिराजीच्या चुकीनं एक पोर मरता मरता वाचली. त्याच्या देखतही म्हणायचे. त्यातलं त्याला किती कळायचं कोण जाणे.

पण आमचं ह्याबद्दल बोलणं झालं ते एकदाच, त्याच दिवशी. शेडमधून निघून आम्ही दोघं चालत घरी जात होतो. हत्यारांची पेटी त्याच्या खांद्यावर होती, ती तो मला घेऊ देत नव्हता. ससून डॉकच्या भिंतीपाशी तो थांबला, पेटी खाली ठेवली आणि तिच्यावर बसला. ऊन उतरलं होतं. मासळीच्या टोपल्या धुऊन उपड्या घातल्या होत्या आणि सगळीकडे पाणी होतं.

"ते चौथं भोक झिजलेलं होतं," बा म्हणाला. "वरसभर. पिन त्यात सरळ बसत नाय. नवी पट्टी बाहेरनं यायची, दोन महिने झाले सांगून. म्हणून मी डावीकडं तिसऱ्यात ठेवली होती. काठी जरा कलती राहायची. कलू दे. उभी तर राहायची."

"तू सांगितलं का नाहीस? सरांना?"

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. "सांगितलं असतं तर बोट पाण्यात घालू दिली असती का? तुझी स्पर्धा होती." मग थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणून माझी पण चूक हाय. सायबाला मी निम्मं खरंच सांगितलं."

"आणि ताण? गेजवर कमी होता."

"कमी होता. मना ठाव होतं. त्या पट्टीवर तेवढाच घ्यायचा होता." त्याने उजव्या हाताचा अंगठा वर केला. त्याचं कातडं जाड होतं आणि मधोमध एक खाच पडली होती. "तार मी ह्याच्यानं बघतो. कान कवाच गेला. डोलकाठीला कान लावतो ते लोकांसाठी. लोकांना तसंच बघायची सवय."

मी ओल्या फरशीकडे बघत होते. तो पुढे बोलला, आणि आवाज नेहमीसारखाच होता, रागाचा नव्हता.

"मना ऐकू येत नाय, हे तू कवापासून जाणतंस?"

"गणपतीपासून."

"पाच महिने."

"हो."

"मग मना बोलली का नाहीस, हेमा? बा, तार नीट लावलीस का, एवढं विचारलं असतंस. मी सांगितलं असतं, चौथ्यात घालू नको. त्या पोरीचं हाड मोडलं नसतं." तो थांबला. "आय बोलली नाय, ती घाबरते. तू कशाला घाबरलीस? तू तर वाऱ्यात लटकतंस."

मी उत्तर दिलं. पण मान खाली होती आणि शब्द माझे मलाच नीट ऐकू आले नाहीत.

"वर बघून बोल," बा म्हणाला. "मना दिसत नाय."

एक टेम्पो मागून गेला आणि आम्ही दोघं तो जायची वाट बघत थांबलो, जसं काही त्याच्या आवाजाने काही फरक पडणार होता. मग मी मान वर केली. तो पुढे वाकला होता, डोळे माझ्या तोंडावर लावून, त्याला एकही शब्द चुकवायचा नव्हता.

"मला तुझी लाज वाटायची, बा," मी म्हणाले.